शिकवल्यानंतरची दुसरी भेट

नवजात बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे असतात. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचे नाहीत, कारण इतक्या लहान बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. मध्येच भरभर चालतो, मध्येच काही क्षण थबकतो. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास भरले की पुन्हा एकदा मोजायचे, आणि तरीही आकडा तोच आला तर बाळ धोक्यात आहे असं समजून दवाखाना गाठायचा. आशाताईंच्या प्रशिक्षणातली ही गोष्ट सांगायला दोन मिनिटं लागतात, फळ्यावर लिहायला एक ओळ पुरते. पण कन्नड तालुक्यातल्या एखाद्या डोंगराकडेच्या वस्तीवर, कमी उजेडाच्या खोलीत, रडणारं बाळ शांत होईपर्यंत थांबायचं, मग एक नजर त्याच्या पोटावर आणि दुसरी घड्याळावर ठेवायची, बाजूला आजी "एवढं काय बघते गं?" असं विचारत असताना आकडा चुकू द्यायचा नाही, हे फळ्यावरच्या ओळीत मावत नाही. प्रशिक्षण झालं ते सभागृहात. काम आहे ते या खोलीत. या दोहोंमधलं अंतर कसं भरून काढायचं, हा कामाच्या ठिकाणी शिकवणाऱ्या प्रत्येकाचा खरा प्रश्न आहे.

अशी शिकवणारी माणसं आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहेत, फक्त त्यांच्या नावापुढे प्रशिक्षक असं लिहिलेलं नसतं. आशाताईंबरोबर गावोगाव फिरणारी गटप्रवर्तक, शेतीशाळा घेणारे कृषी सहायक, आयटीआयतले शिल्पनिदेशक, वाळूजच्या किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात नव्या पोरांना मशिनवर उभं करणारा लाइन सुपरवायझर. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली, तेव्हा यात आणखी भर पडली. बारावी झालेल्यांना महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन, मुदत सुरुवातीला सहा महिने. तरुण मुलंमुली कार्यालयांत आणि आस्थापनांत दाखल झाली, आणि टेबलामागे बसलेल्या एखाद्या अनुभवी लिपिकावर त्यांना काम शिकवण्याची जबाबदारी आली. या सगळ्यांना आपापलं काम उत्तम येतं. शिकवायचं कसं, हे मात्र त्यांना बहुधा कुणी शिकवलेलं नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

महाराष्ट्रात या विषयाचा सर्वांत भक्कम धडा गडचिरोलीत घडला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या ३९ गावांत गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. वजन करणं, तापमान बघणं, श्वास मोजणं, जंतुदोषाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडली तर बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं, इथपर्यंत त्या गेल्या. पाच-दहा यत्ता शिकलेल्या बाईने तान्ह्या बाळाला इंजेक्शन द्यायचं, ही कल्पना त्या काळी अनेक डॉक्टरांनाही पटत नव्हती. पण १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले तेव्हा चित्र स्पष्ट होतं. या गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात बालकं दगावत होती, तो आकडा तिसऱ्या वर्षापर्यंत २५ च्या आसपास आला होता. तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या ४७ गावांत तो खाली आलाच नव्हता.

 मग फरक कशाने पडला? माझ्या मते त्यातला मोठा वाटा प्रशिक्षणाच्या घडणीचा आहे. या बायकांना सगळं एका दमात शिकवलं नाही. सुरुवातीला फक्त बघायचं, मोजायचं आणि लिहायचं. उपचार पुढच्या टप्प्यावर. मधल्या काळात दर पंधरवड्याला पर्यवेक्षक गावात यायचे, नोंदी तपासायचे, त्या बाईसोबत बाळाच्या घरी जायचे आणि चुकलेलं तिथल्या तिथे दुरुस्त करायचे. म्हणजे शिकणं, करणं, कुणीतरी बघणं आणि पुन्हा करणं, हे चक्र न तुटता फिरत राहिलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या कामातही हाच क्रम दिसतो. तिथल्या आरोग्य कार्यकर्त्या बायका, त्यांतल्या अनेक निरक्षर, दर आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या, गावात जाऊन तेच करायच्या आणि पुढच्या आठवड्यात आपले अनुभव घेऊन परत यायच्या. त्या एकमेकींकडूनही तितकंच शिकल्या.

गडचिरोलीची ही पद्धत २०११ पासून घरच्या घरी नवजात बालसंगोपन म्हणून देशभरातल्या आशांकडे आली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा गृहभेटी, आणि घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. यासाठीचं प्रशिक्षण वीस दिवसांचं, तेही पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत, मध्ये गावात काम करायला वेळ सोडून. आखणी चांगली आहे. पण कुठलीही योजना मोठी होताना तिच्यातला मोजता येणारा भाग शाबूत राहतो आणि न मोजता येणारा झिजतो. प्रशिक्षणाचे दिवस मोजता येतात, हजेरीपट दाखवता येतो. गटप्रवर्तक बाळाच्या घरी बसून आशाताईचं काम किती लक्षपूर्वक बघते, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही. एका गटप्रवर्तकाकडे साधारण वीस आशा असतात. नागद घाटाखाली, पिशोर एका टोकाला, चिंचोली लिंबाजी दुसऱ्या दिशेला, अशा तालुक्यात ही भेट टिकवणं कठीण आहे. म्हणूनच जी भेट घडते तिचं सोनं झालं पाहिजे.

त्या भेटीत काय बोलायचं, हा पहिला मुद्दा.

आपल्याकडे समज असा की चूक दाखवली म्हणजे माणूस सुधारतो. १९९६ साली अव्रहाम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी या दोन संशोधकांनी या विषयावरचे तोवरचे प्रयोग एकत्र करून तपासले. सरासरी बघितली तर अभिप्राय मिळाल्यावर काम सुधारलेलं दिसलं. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर काम आधीपेक्षा वाईट झालं होतं. त्यांचं स्पष्टीकरण मला महत्त्वाचं वाटतं. अभिप्रायामुळे माणसाचं लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं, आपण कसे ठरतोय, लोक काय म्हणतील याकडे वळलं, की नुकसान होतं. लक्ष कामाच्या तपशिलावर राहिलं की फायदा होतो.

हे आपल्या बोलण्यात उतरवून पाहू. आशाताईने बाळाचं वजन २ किलो ७०० ग्रॅम लिहिलं आहे आणि गटप्रवर्तकाला ते जास्त वाटतंय. ती म्हणू शकते, "ताई, लक्ष कुठं असतं तुमचं? एवढं शिकवलं तरी तेच." आशाताई मान खाली घालेल, पुढच्या वेळी आकडा लिहिताना घाबरेल, आणि कदाचित गटप्रवर्तकाला आवडेल असा आकडा लिहायला शिकेल. याउलट ती म्हणू शकते, "ताई, काटा शून्यावर आणला तेव्हा झोळी अडकवलेली होती का? नव्हती ना? मग झोळीचं वजन बाळाच्या वजनात धरलं गेलंय. आता झोळी अडकवून शून्य करा आणि पुन्हा घ्या बरं." दुसऱ्या बोलण्यात ताईच्या हुशारीबद्दल एक अक्षर नाही. चूक नेमकी कुठे झाली ते आहे, ती का झाली ते आहे, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे "पुन्हा घ्या" आहे. ती लगेच पुन्हा वजन करते, योग्य आकडा येतो, आणि दुरुस्ती तिच्या हातात बसते. दुरुस्त केलेलं काम करून बघायला मिळालं नाही तर सांगितलेलं सगळं कानावरून जातं.

कौतुकाचंही तसंच आहे. "छान, असंच चालू ठेवा" याने बरं वाटतं, पण नेमकं काय चालू ठेवायचं ते कळत नाही. "बाळ रडत होतं म्हणून तुम्ही श्वास मोजायचं थांबवलात, आईला दूध पाजायला सांगितलंत आणि मग मोजलेत, हे अगदी बरोबर केलंत" असं म्हटलं की तिला कळतं की आपण सहज केलेली गोष्ट हीच खरी कसोटीची होती. १९८८ साली रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना कामावर फक्त सूचना लिहून दिल्या, काहींना फक्त गुण दिले, काहींना दोन्ही. पुढच्या कामात फक्त सूचना मिळालेली मुलं पुढे गेली. गुण आणि सूचना दोन्ही मिळालेल्यांना त्या सूचनांचा उपयोग झाला नाही, कारण गुण दिसले की नजर तिथेच अडकते. मुलांची गोष्ट मोठ्यांना जशीच्या तशी लागू करू नये, हे मान्य; पण मासिक सभेत कुणाचे किती फॉर्म बरोबर, किती चूक याची यादी वाचून दाखवल्यावर खोलीत काय होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. चारचौघांत आकडा ऐकलेली बाई घरी जाताना तो आकडाच घेऊन जाते. तिला एकटीला गाठून, दोन फॉर्म समोर ठेवून पाच मिनिटं बोललं तर ती काहीतरी शिकून जाते.

सांगण्याआधी विचारणं हेही तितकंच उपयोगी. "तुम्हाला स्वतःला काय वाटलं, कुठे अडलं?" हा प्रश्न विचारून थोडं गप्प बसावं. बहुतेक वेळा शिकणाऱ्याला अर्धी चूक आधीच कळलेली असते आणि ती त्याने स्वतः सांगितली की त्याच्या मनात पक्की राहते. एका भेटीत एकच गोष्ट धरावी, फार तर दोन. सात चुका दिसल्या म्हणून सातही सांगितल्या की त्यातली एकही दुरुस्त होत नाही. ज्या चुकीने बाळाला इजा होऊ शकते, बोट मशिनमध्ये जाऊ शकतं, किंवा पीक हातचं जाऊ शकतं, ती आधी.

आणि शिकणारा तयार होत जाईल तशी टोकाटोक कमी करत न्यायची. हालचालींच्या कौशल्यांवर दीर्घकाळ काम केलेले रिचर्ड श्मिट आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवलं की प्रत्येक प्रयत्नानंतर लगेच दुरुस्ती सांगत राहिलं तर माणूस सरावात फार चांगलं करतो, पण सांगणारा निघून गेला की घसरतो. त्याने स्वतःच्या हाताकडे आणि कामाकडे बघायची सवयच लावून घेतलेली नसते. नवख्याला पहिल्या दिवशी पावलोपावली सांगावं लागेल. महिनाभराने मात्र त्याला दहा नग करू द्यावेत आणि मग विचारावं, यातले किती बरोबर आहेत असं तुला वाटतं?

इथून मी ज्या मुद्द्यावर येतो तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. चांगला प्रशिक्षक अभिप्राय देतोच, पण त्याहून मोठं काम म्हणजे काम स्वतः जो अभिप्राय देत असतं तो वाचायला शिकवणं. प्रशिक्षक महिन्यातून एकदा येतो. काम रोज बोलत असतं.

शेतीशाळेची कल्पना याच पायावर उभी आहे. १९८९ साली इंडोनेशियात भाताच्या शेतकऱ्यांसाठी अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने ही पद्धत सुरू झाली. सभागृहात व्याख्यान नाही. शेतकऱ्यांचा गट हंगामभर ठराविक दिवसांनी एकाच शेतात जमतो, झाडं बघतो, किडी मोजतो, मित्रकिडी मोजतो, कागदावर चित्र काढतो आणि मग फवारायचं की नाही ते चर्चा करून ठरवतो. महाराष्ट्रात कृषी विभाग शेतीशाळा घेतो, आणि पुढे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून मराठवाड्यात त्यांना मोठं बळ मिळालं. कन्नडच्या कपाशीवाल्या शेतकऱ्याला २०१७ साल आठवतंच. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने राज्यभर कपाशी पोखरली. बोंडअळीचं दुखणं असं की अळी बोंडात शिरली की बाहेरून काही दिसत नाही. वेचणीला हात घातला तेव्हाच कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. कामाचा अभिप्राय इतका उशिरा आला तर त्यातून कुणी शिकू शकत नाही.

म्हणून अभिप्राय अलीकडे ओढावा लागतो. शेतात कामगंध सापळे लावायचे. सलग तीन रात्री एका सापळ्यात सरासरी आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले तर फवारणीचा विचार करायचा. फुलांच्या काळात डोमकळ्या शोधायच्या, म्हणजे पाकळ्या मिटून गुलाबासारखी दिसणारी फुलं, आणि त्या तोडून नष्ट करायच्या. बोंडं धरली की एकरात फिरून २० हिरवी बोंडं तोडायची, फोडून बघायची. दोनात अळी निघाली की नुकसानीची पातळी आली. वीस बोंडं फोडणं हे शिक्षण आहे. ती स्वतःच्या नखाने फोडलेल्या शेतकऱ्याला पुढच्या आठवड्यात कृषी सहायकाची वाट बघावी लागत नाही. चांगली शेतीशाळा कुठली, हे मी एका खुणेवरून ओळखेन: बोंड कुणाच्या हातात आहे? सहायकाच्या हातात असेल आणि बाकीचे बघत असतील, तर ती शेतीशाळा नव्हे, प्रात्यक्षिक.

आपल्या भागात अद्रक घेणाऱ्यांना तर हे फार लवकर पटावं. आठ-नऊ महिने जमिनीखाली वाढणारं पीक. कंदकुज लागली तर वर पानांच्या कडा पिवळ्या पडायला लागतात तेव्हा खाली कंद सडायला सुरुवात झालेली असते. नव्या शेतकऱ्याला शिकवायचं ते हेच की पाऊस थांबल्यावर सऱ्यांत पाणी किती वेळ साचून राहतं ते बघ, शंका आलेल्या झाडाचा कंद उकरून दाबून बघ. बेड उंच कर, निचरा ठेव, हा सल्ला सगळेच देतात. पाणी साचतंय की नाही हे कसं तपासायचं, ते फार थोडे शिकवतात.

कारखान्यात हीच गोष्ट पोलादाच्या एका तुकड्यात बसवलेली असते. गो–नोगो गेज म्हणतात त्याला. एक टोक भोकात सहज गेलं पाहिजे, दुसरं टोक जाता कामा नये. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तर नग पास. तीन दिवसांपूर्वी मशिनवर उभा राहिलेला पोरगाही आपला नग कसा आहे ते कुणाला न विचारता सांगू शकतो. आयटीआयतला शिल्पनिदेशक व्हर्निअर वाचायला शिकवतो, ते आवश्यकच आहे. पण पहिल्या दिवसापासून मुलांनी आपापला नग स्वतः मोजावा, कागदावर लिहावा आणि मगच सरांना दाखवावा, ही शिस्त लावली तर मुलं दुप्पट वेगाने तयार होतात असा माझा विश्वास आहे. सरांकडे नग घेऊन रांगेत उभं राहणारा मुलगा वाट बघायला शिकतो. स्वतः मोजणारा मुलगा मशिनकडे बघायला शिकतो.

आता आखणीबद्दल. प्रशिक्षण ठरलं की आपण आधी विषयांची यादी करतो, मग वक्ते, मग जेवण. आखणी उलट्या टोकाकडून करावी. शेवटी माणसाने कुठे, कुणासमोर, कशा अडचणीत, नेमकं काय करायचं आहे? ते आधी जाऊन बघावं. मग त्या करण्याला जे लागत नाही ते निर्दयपणे काढून टाकावं. नवजात बाळाच्या श्वसनसंस्थेची रचना समजावण्यात गेलेला अर्धा तास श्वास मोजण्याच्या सरावाला दिला तर बरं. त्यासाठी मोबाइलवर बाळांच्या श्वासाचे चित्रफितीतले नमुने दाखवावेत: एक संथ, एक भरभर चालणारा, एक मधूनच थांबणारा. सगळ्यांनी मोजावं, आकडे फळ्यावर लिहावेत. आकडे हमखास वेगवेगळे येतात, आणि ते का आले यावरची चर्चा हाच खरा पाठ.

वेळ कसा वाटायचा, याबद्दल एक जुना पण सुंदर प्रयोग आहे. १९७० च्या दशकात ब्रिटिश टपाल खात्याला कर्मचाऱ्यांना टंकफलकावर काम करायला शिकवायचं होतं. अॅलन बॅडली आणि लाँगमन यांनी कर्मचाऱ्यांचे चार गट केले. एका गटाला रोज फक्त एक तास सराव, दुसऱ्या टोकाच्या गटाला दिवसातून दोनदा दोन-दोन तास. टंकफलकावरची अक्षरं हातात बसायला रोज तासभर करणाऱ्यांना एकूण सुमारे ३५ तास पुरले, दिवसाला चार तास करणाऱ्यांना जवळजवळ ५० लागले. यातला पुढचा तपशील प्रत्येक प्रशिक्षकाने लक्षात ठेवावा असा आहे: कमी तासांत शिकलेला गटच सगळ्यांत नाराज होता. त्यांना वाटत होतं, दिवस उलटताहेत आणि आपण मागे पडतोय.

म्हणजे शिकणाऱ्याचं समाधान आणि शिकणं या दोन गोष्टी हातात हात घालून चालतीलच असं नाही. शेवटच्या दिवशी भरून घेतलेल्या अभिप्राय-फॉर्मवर "प्रशिक्षण उत्कृष्ट झाले, जेवण छान होते" असं लिहून येतं, त्यावरून काही शिकलं गेलं असं मानू नये. अमेरिकेतल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ सालीच हे चार पायऱ्यांत मांडलं होतं: लोकांना कसं वाटलं, ते काय शिकले, कामावर गेल्यावर वागणं बदललं का, आणि त्याने शेवटी काय साधलं. आपली बहुतेक तपासणी पहिल्या पायरीवर संपते, कारण ती त्याच खोलीत, त्याच दिवशी करता येते.

आठवणीचंही असंच फसवं असतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा शिकायला दिला. काहींनी तो दुसऱ्यांदा वाचला. काहींनी दुसऱ्यांदा न वाचता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा त्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मासिक सभेत हे सहज करता येतं. मागच्या महिन्याचा विषय पुन्हा सांगू नका. कोरा कागद द्या आणि विचारा, "बाळाला ताबडतोब दवाखान्यात न्यायची लक्षणं कोणती, आठवतील तेवढी लिहा." दहा मिनिटं लागतात. मग शेजारणीशी ताडून बघायला सांगा. कागद गोळा करू नका, गुण देऊ नका. कुठली लक्षणं बहुतेकींना आठवली नाहीत, एवढंच टिपून घ्या. पुढच्या सभेचा विषय त्यातूनच निघतो.

शिकायला येणारा माणूस कोरा येत नाही, हे मात्र आखणीत हटकून विसरलं जातं. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत १९५० च्या दशकात दगडमाती उपसताना एका बुटक्या, हसऱ्या यक्षाची मूर्ती सापडली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत कोरलेलं आहे की ही कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या यक्षाच्या अंगावरचे दागिने बघितले की सोन्याच्या कामाची नजर दगडात कशी उतरली ते दिसतं. दगड नवा होता, हात जुना होता. आपल्याकडे येणारा शिकाऊही असाच असतो. कारखान्यात आलेल्या कन्नडच्या मुलाने घरी पाण्याची मोटर दहा वेळा खोलून बसवलेली असते. आशाताईने स्वतःची दोन लेकरं वाढवलेली असतात. ती विचारते, "पण आमच्याकडे बाळाला पहिल्याच दिवशी अंघोळ घालतात, त्याला काय करू?" तेव्हा ती विषय सोडून बोलत नसते, तिच्या कामाचा खरा अडथळा ती सांगत असते. तिच्या अनुभवापासून सुरुवात करून जुन्यातलं काय टिकवायचं, काय सोडायचं हे दोघींनी मिळून ठरवलं तर शिकवणं अर्ध्या वेळात होतं.

प्रशिक्षकालाही अभिप्राय मिळत असतो, त्याने तो घेतला पाहिजे. एका आशाताईचा फॉर्म चुकला तर तिच्याशी बोलावं. वीसपैकी चौदा जणींचा एकच रकाना चुकत असेल तर रकाना वाईट आहे किंवा शिकवणं वाईट आहे. आणि कधी कधी दोन्ही ठीक असतं, पण तापमापीची बॅटरी संपलेली असते, वजनकाट्याची स्प्रिंग सैल झालेली असते. अशा वेळी पुन्हा एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवणं म्हणजे बाईवर अन्याय आहे. साधन दुरुस्त करून द्यावं. सहा-सात गृहभेटींच्या पूर्ण फेरीला २५० रुपये मोबदला घेऊन डोंगर उतरून वस्तीवर जाणाऱ्या बाईकडून आपण काय अपेक्षा करतो आणि तिला काय पुरवतो, याचा हिशेब प्रशिक्षकाने वरिष्ठांपुढे मांडायलाच हवा. ते त्याच्या कामाचाच भाग आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतल्या मुकादमांना नवे कामगार तयार करायला शिकवण्याचा एक कार्यक्रम चालला, आणि युद्धानंतर तो जपानच्या उद्योगांत खोल रुजला. त्यात शिकवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या: शिकणाऱ्याला तयार करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, आणि नंतर पुन्हा जाऊन बघा. आपल्याकडे पहिल्या दोन पायऱ्या होतात, तिसरी घाईत उरकली जाते आणि चौथी पत्रकात नसतेच. तालुक्याच्या पातळीवर प्रशिक्षणाची पत्रकं काढणाऱ्या अधिकाऱ्यांना, कारखान्यांतल्या मनुष्यबळ विभागांना आणि संस्थाचालकांना माझी कळकळीची विनंती आहे: प्रशिक्षणाचा एक दिवस कमी करा, पण तीन आठवड्यांनंतर कामाच्या जागी जाऊन बघण्याची तारीख त्याच पत्रकात छापा, जाणाऱ्याचं नाव लिहा, आणि त्याचा प्रवासखर्च अंदाजपत्रकात धरा.